गोशे आजारात पानथरी उतरली, रक्त वाढले, मग मांडीचे हाड का दुखते?

तापीकाठचा बाप यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला गोशे हा आनुवंशिक आजार आहे. आपल्याकडचे बरेच डॉक्टर याचा उच्चार गॉशर असा करतात. तो पाच वर्षांचा असताना आईने त्याला न्हाऊ घालताना प्रथम ओळखले आणि "पोऱ्याना पोटमा गोळा शे" असे म्हणाली. त्यानंतरची दोन वर्षे हिवतापाची औषधे, लोहाची औषधे आणि जंतांच्या गोळ्या यांत गेली. शेवटी मुंबईला रक्तातील एन्झाइमची तपासणी झाली आणि निदान कळले. गेले चौदा महिने दर पंधरा दिवसांनी त्याला शिरेतून एन्झाइम दिले जाते. हिमोग्लोबिन ७.८ वरून १०.९ वर आले, प्लेटलेट ६२ हजारांवरून १ लाख ३० हजारांवर गेल्या, आणि बेंबीच्या खाली लागणारी पानथरी, म्हणजे प्लीहा, आता बरगडीखाली जेमतेम तीन बोटे लागते. त्यामुळे आता सर्व ठीक झाले, अशीच आमची समजूत होती.

गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट होते त्या रविवारी हा मुलगा सकाळपासून ओट्यावर उजवा पाय पोटाशी घेऊन बसून राहिला. दुपारपर्यंत मांडीला चादरीचा स्पर्शही त्याला सहन होईना, आणि संध्याकाळी १०२ ताप भरला. दुसऱ्या दिवशी जवळच्या शहरात एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसले नाही. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडात पू झाला आहे, आजच उघडून साफ करावे लागेल, असे सांगितले. मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी एमआरआय आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी, झाल्याशिवाय हाडाला हात लावू देऊ नका, असे बजावले. एमआरआय लगेच होऊ शकला नाही. कल्चरसाठी रक्त घेऊन प्रतिजैविके सुरू केली. नवव्या दिवशी दुखणे आपोआप ओसरल्यासारखे झाले, पण तो अजूनही किंचित लंगडतो.

रक्तातील एका एन्झाइमची कमतरता हाडापर्यंत कशी पोहोचते, आणि औषध लागू पडत असताना हाड का दुखावे, हे मला समजत नाही. असे दुखणे पुन्हा आले तर ते पू आहे की आजाराचेच आहे, हे कसे ओळखावे? घरातील वडीलधारी माणसे कॅल्शियम द्या, कळण्याची भाकरी आणि दूध वाढवा, असे सांगतात. तेवढ्याने भागेल का? त्याला कबड्डीचे वेड आहे, त्याचे काय करावे? त्याची धाकटी बहीण चार वर्षांची आहे आणि तिला कोणताही त्रास नाही. तिचीही तपासणी करावी का?

बालरोग धुळे यांचे उत्तर

आपण फोन केलात आणि हाड उघडू दिले नाहीत, हे फार चांगले झाले. त्याचे कारण पुढे येईलच. आधी आपला पहिला प्रश्न घेतो.

आपल्या शरीरात दररोज असंख्य तांबड्या आणि पांढऱ्या रक्तपेशी जुन्या होऊन मोडीत निघतात. ही मोड गिळून तिची विल्हेवाट लावण्याचे काम भक्षकपेशी करतात. पेशींच्या आवरणात ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो आणि तो तोडण्यासाठी ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम लागते. आपल्या मुलामध्ये हे एन्झाइम फारच कमी आहे. त्यामुळे तो पदार्थ तुटत नाही, भक्षकपेशीतच साठत राहतो आणि पेशी फुगत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा अंतर्भाग चुरगाळलेल्या पातळ कागदासारखा दिसतो. फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने १८८२ मध्ये या पेशी एका स्त्रीच्या पानथरीत पाहिल्या, तेव्हा त्याला तो पानथरीचा अर्बुद वाटला होता. मूळ दोष एन्झाइमच्या कमतरतेचा आहे, हे अमेरिकेत रॉस्को ब्रॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले ते १९६५ च्या सुमारास.

म्हणजे हा आजार रक्तात तपासला जात असला, तरी तो रक्तातच असतो असे नाही. जेथे जेथे भक्षकपेशी दाटीने असतात, तेथे तेथे तो असतो: पानथरी, यकृत आणि हाडांच्या आतील मज्जा. पानथरी मऊ असल्यामुळे ती पोटात मावेल तेवढी फुगू शकते. हाड मात्र चारही बाजूंनी बंद असलेली पेटी आहे. तिच्यात साठलेल्या पेशींची गर्दी झाली की आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. आपल्या मुलाला त्या रविवारी जे झाले, ते बहुधा हेच असावे. याला बोन क्रायसिस म्हणतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, म्हणजे खुब्यात बसणारा भाग, यात विशेष धोक्यात असतो; कारण त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आहेत, आणि त्या बंद पडल्या तर दुसरी वाट जवळजवळ नसते.

दुसरी गोष्ट सावकाश घडते. हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाड खाऊन त्याला आकार देणाऱ्या पेशी यांचा हिशेब साठलेल्या भक्षकपेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे बिघडतो. हाड विरळ होते, आणि मुलांच्या वाढत्या हाडाला जी तासणी व्हायला हवी ती होत नाही. त्यामुळे गुडघ्याजवळ मांडीचे हाड निमुळते होण्याऐवजी रुंदच राहते. एक्स-रेमध्ये ते शाळेच्या प्रयोगशाळेतील एर्लेनमायर शंकुपात्रासारखे दिसते. आपल्याकडचा एक्स-रे पुन्हा काढून गुडघ्याच्या वरचा भाग पाहावा. तेथे हा आकार असेल, तर एक्स-रेमध्ये "काहीच दिसले नाही" हे म्हणणे पूर्णपणे खरे नाही. अर्थात अशा आकाराची इतरही कारणे असतात आणि या आकाराने स्वतः दुखत नाही.

आता औषध चालू असूनही हे का घडले? शिरेतून दिल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या टोकाशी मॅनोज ही शर्करा उघडी ठेवलेली असते. भक्षकपेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज पकडणारी जागा असल्यामुळे त्या हे औषध आत ओढून घेतात. यकृत आणि पानथरी यांच्यातून रक्त मुबलक वाहत असते, म्हणून तेथे औषध लवकर आणि भरपूर पोहोचते. आधीच गच्च भरलेल्या, दबलेल्या मज्जेत ते हळूहळू पोहोचते. म्हणून रक्त आणि पानथरी काही महिन्यांत सुधारतात, हाडाचे दुखणे कमी व्हायला एक ते दोन वर्षे जातात आणि हाडाची घनता सावरायला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. शिवाय उपचारापूर्वी हाडाचा जो तुकडा मेला असेल, तो एन्झाइमने जिवंत होत नाही. माझ्या मते पालकांना पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगायला हवे, पण हिमोग्लोबिन आणि पानथरी यांच्या आनंदात ते राहून जाते.

पू की क्रायसिस, हे घरी ओळखता येत नाही. रुग्णालयातही पहिल्या दिवशी ते कठीणच असते. दोन्हींत ताप येतो, दोन्हींत पांढऱ्या पेशी आणि सीआरपी हा दाह दाखवणारा रक्तातील घटक वाढतात, दोन्हींत सुरुवातीचा एक्स-रे साधा दिसू शकतो. फरक दाखवतात ते रक्ताचे कल्चर आणि एमआरआय, आणि तरीही शंका राहिली तर सुईने घेतलेला नमुना. क्रायसिसमध्ये कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि दुखणे साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. अशा वेळी हाड उघडले, तर आत पू सापडत नाही. उलट मेलेल्या हाडात बाहेरचे जंतू शिरून महिनोन्‌महिने वाहणारी जखम होऊ शकते. मात्र गोशेच्या रुग्णाला खरा जंतुसंसर्गही होऊ शकतो. म्हणून "हे आजाराचेच आहे" असे गृहीत धरून घरी थांबू नये. त्या अस्थिरोगतज्ज्ञांची शंका चुकीची नव्हती. तपासणीआधीची घाई चुकीची होती. क्रायसिसमध्ये विश्रांती, भरपूर द्रव आणि पुरेसे वेदनाशामक लागते. प्लेटलेट कमी असतील, तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये. पॅरासिटामॉलने भागले नाही, तर त्याहून तीव्र औषध रुग्णालयातच द्यावे लागते.

कॅल्शियमने आजार हटत नाही, कारण येथे कॅल्शियमची टंचाई हे मूळ कारण नाही. तरीही वाढत्या हाडाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडता कामा नये. दूध, तीळ, कळण्याची भाकरी जरूर द्यावी. ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी मोजावी आणि ती कमी असल्यास डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने भरून काढावी.

लंगडणे टिकून आहे, हीच मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. खुब्यांसह दोन्ही मांड्यांचा आणि मणक्याचा एमआरआय आता पुढे ढकलू नये. तो होईपर्यंत कबड्डी आणि झाडावरून उड्या बंद. खुब्याचा गोळा शाबूत असल्याचे दिसले, तर चालणे, पोहणे, सायकल यांना सहसा हरकत नसते. हाडाला हालचाल हवीच असते.

चोपड्याची ताई यांचे उत्तर

भाऊ, मी स्वतः गोशेची रुग्ण आहे आणि माझे वय आता चौतीस आहे, म्हणून अनुभवाचे लिहिते.

मी अकरा वर्षांची असताना माझी पानथरी शस्त्रक्रियेने काढून टाकली. तेव्हा निदान झालेले नव्हते. पोट मोठे होते, रक्त कमी होते, आणि पानथरीच रक्त खाते असे घरच्यांना सांगण्यात आले. काढल्यानंतर रक्त खरोखरच वाढले, मी शाळेत जाऊ लागले आणि आजार संपला म्हणून आईने मनुदेवीला नवस फेडला. मज्जेतील साठवण मात्र चालूच होती. पानथरी काढलेल्या रुग्णांमध्ये हाडांचा त्रास अधिक आढळतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. एकोणिसाव्या वर्षी महाविद्यालयाच्या जिन्यात डाव्या खुब्यात कळ आली आणि मी कठडा धरून तेथेच बसले. त्यानंतर दोनदा "संधिवात" म्हणून आणि एकदा "कमरेची नस" म्हणून उपचार झाले. खरे निदान झाले तोपर्यंत खुब्याचा गोळा चपटा झाला होता, आणि सत्ताविसाव्या वर्षी सांधा बदलावा लागला.

आपल्या मुलाची पानथरी जागेवर आहे आणि एन्झाइम वयाच्या आठव्या वर्षाच्या आत सुरू झाले आहे. माझ्या नशिबी यातले एकही नव्हते. म्हणून घाबरू नका, पण कोणी सोयीसाठी पानथरी काढण्याचा सल्ला दिला, तर गोशेच्या जाणकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

दुसरी गोष्ट वहीची. मी प्रत्येक दुखण्याची तारीख, जागा, ताप आणि किती दिवसांनी ओसरले हे एका दोनशे पानी वहीत लिहिते. सुरुवातीला वेडेपणा वाटला. नंतर याच वहीवरून डॉक्टरांच्या लक्षात आले की माझे एन्झाइम मिळण्यात चार महिन्यांचा खंड पडला होता, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात दोन क्रायसिस आले होते. हाडाच्या दृष्टीने खंड पडणे फार वाईट. रक्ताचे आकडे काही काळ तसेच राहतात, त्यामुळे खंड अंगावर निघाला असे वाटते. हाडाचा हिशेब उशिरा पुढे येतो.

त्यामुळे पैशांचीही सोय आधीच पाहून ठेवा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले. त्यानुसार ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ही मर्यादा २०२२ मध्ये वाढवण्यात आली. मुंबईचे केईएम रुग्णालय हे आपल्या राज्यातील असे केंद्र आहे. परंतु औषधाची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढले की मात्रा वाढते, आणि जन्मभराच्या औषधाला ती रक्कम किती पुरेल, याचा हिशेब पालकांनी केंद्रात बसून मोकळेपणाने करून घ्यावा. माझे काका तर म्हणत, केळीच्या बागेला पाण्याची पाळी चुकवली तर घड निसवल्यावर कळते, तसेच औषधात पडलेल्या खंडाचे आहे.

सातपुडा आरोग्यसेवक यांचे उत्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगराळ भागात काम करतो. प्रश्न गोशेचा आहे, तरी आमच्या भागातील वाचकांसाठी एक भर घालतो, कारण हाडाचे अचानक दुखणे, फिकेपणा आणि मोठी पानथरी असे मूल समोर आले की आमच्या मनात प्रथम सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार येतो. ते योग्यही आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत, गोशे अत्यंत विरळा. आणि सिकलसेलमध्येही रक्तपुरवठा तुटून हाड दुखते, खुब्याचा गोळा मरतो. कारण मात्र वेगळे असते: तेथे कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी वाहिनीत अडकतात, येथे फुगलेल्या भक्षकपेशी मज्जेत दाटतात. पुस्तकात सिकलसेलची पानथरी लहानपणीच आक्रसते असे वाचायला मिळते, पण आपल्या भागातील पुष्कळ मुलांमध्ये ती मोठी राहते. त्यामुळे केवळ पोट चाचपून दोन आजार वेगळे करता येत नाहीत.

गफलत होते ती पुढच्या पायरीवर. गावपातळीवरील विद्राव्यता चाचणी सिकलसेलच्या वाहकातही, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्यातही, होकारार्थी येते आणि रुग्णातही. नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून वाहक की रुग्ण हे ठरवायचे असते. एखादे मूल केवळ वाहक निघाले आणि तरीही त्याची पानथरी बेंबीपर्यंत असेल, प्लेटलेट कमी असतील, हाडे दुखत असतील, तर तो त्रास सिकलसेलच्या वाहकपणाच्या माथी मारून फाइल बंद करू नये. आमच्याकडे एका मुलीच्या कार्डावर "सिकल" एवढाच शेरा होता, आणि त्या एका शब्दामुळे तिच्या पुढच्या तपासण्या तीन वर्षे कोणीच केल्या नाहीत. यात मीही होतो. गोशेसाठी प्रथम मज्जा काढण्याची गरज नसते; रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये किंवा कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यात एन्झाइम मोजता येते, आणि ठिपक्याचा कागद टपालानेही पाठवता येतो. एन्झाइम कमी आले, तर पुढची खात्री करून घ्यावी.

तापीकाठचा बाप यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, एक्स-रे पुन्हा काढला. आपण म्हणालात तसे गुडघ्याच्या वर दोन्ही हाडे रुंद आहेत. आमच्या गावच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांना दाखवली, तर त्यांनीही लगेच शंकुपात्राचेच नाव घेतले. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. एमआरआय येत्या मंगळवारी ठरला आहे. ताई, आपले वाचून सौ. ने आजच वही घातली आणि पहिल्या पानावर रोटांचा रविवार लिहिला.

मुलीच्या तपासणीबद्दल कोणी लिहिले नाही. आमचे लग्न नात्यातले आहे, पत्नी माझ्या मामाची मुलगी. त्यामुळे मनात धास्ती आहे.

बालरोग धुळे यांचे उत्तर

मुलीचा प्रश्न माझ्याकडून राहिला, क्षमा असावी. तपासणी करावीच. आई आणि वडील दोघेही एकेक सदोष जनुक बाळगणारे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, केवळ वाहक होण्याची ५० टक्के असते. पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसऱ्याला टळतो असे नाही. नात्यातील लग्नात दोघांकडे एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते एवढेच; नाते नसलेल्या जोडप्यांतही हे घडते, म्हणून घरात कोणी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. चार वर्षांच्या मुलीला त्रास दिसत नाही यावरून ती सुटली असे म्हणता येत नाही, कारण काहींमध्ये लक्षणे उशिरा येतात, आणि हाडे बिघडण्यापूर्वी निदान होण्याचा लाभ तिला मिळू शकतो. आजार आहे की नाही हे एन्झाइमच्या पातळीवरून कळेल. ती वाहक आहे का, हे मात्र एन्झाइमवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी मुलाच्या जनुक तपासणीचा अहवाल सोबत न्यावा. आपण पुढे अपत्याचा विचार करत असाल, तर गर्भाची तपासणी गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, आणि त्यासाठीही तोच अहवाल लागतो.

त्याच अहवालात मुलाचा प्रकार पाहावा. भारतात एल४४४पी हा जनुकदोष बराच आढळतो, आणि तो दोन्ही बाजूंनी आला असेल तर मेंदू आणि मज्जातंतूंचाही सहभाग असू शकतो. म्हणून डोळे डावी-उजवीकडे पटकन वळतात का, हे मुंबईच्या पुढील भेटीत तपासून घ्यावे. शिरेतून दिलेले एन्झाइम मेंदूत पोहोचत नाही. अशा मुलांत पाठीला बाक येण्याकडेही लक्ष ठेवावे लागते, तेव्हा मंगळवारच्या एमआरआयमध्ये मणका वगळला जाणार नाही, हे चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या. आणि त्या दिवशी मुलाला कडेवर किंवा चाकांच्या खुर्चीतून न्या. लंगडत जिना चढू देऊ नका.

चोपड्याची ताई यांचे उत्तर

भाऊ, एमआरआयच्या यंत्रात आवाज फार मोठा असतो आणि बराच वेळ हलायचे नसते. मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर अर्ध्यातून बाहेर काढावे लागते. मंगळवारी काय निघाले ते येथे जरूर लिहा.